बाईंचा कडुनिंब

या गावात टेकडीवर फिरायला जाणारा जो तो हातात पाण्याची बाटली घेऊन निघतो, पण ते पाणी स्वतः पीत नाही. वरच्या पायवाटेला प्रत्येकाने लावलेलं एकेक झाड आहे. त्याला पाणी घालायचं, चार शब्द बोलायचे आणि उतरायचं. काल पोस्टातले काका आपल्या करंजाला म्हणत होते, "काय रे आळशा, महिना झाला, एक पान नाही?" मला त्या करंजाचा हेवा वाटला. मला इथे इतक्या हक्काने कोण रागावतं?

मी आठवीतून शाळा सोडलेली, लांब चंद्रपूरकडून इथल्या बेकरीत कामाला आलेली. गावाने सांभाळून घेतलं, उपकारच आहेत. तरी काम कधी सुटेल याची धास्ती जात नाही, म्हणून झाड लावायचा धीर होत नाही. झाड लावणाऱ्याला इथेच राहायचं असतं.

गेल्या महिन्यात शाळेतल्या निवृत्त बाईंनी पायथ्याशी हाक मारली. "अगं, माझ्या कडुनिंबाला पाणी घालशील? गुडघ्यांनी संप केलाय. आणि नुसतं ओतून पळू नकोस, बोल त्याच्याशी."

पहिल्या दिवशी काय बोलावं सुचेना, तेव्हा त्याला माझं नाव सांगितलं. आता त्याला तांबूस पालवी फुटलीय. बाई रोज विचारतात, "कसा आहे गं माझा?"

"बरा आहे," एवढंच म्हणते. पालवीचं सांगत नाही. बाईंचे गुडघे बरे व्हावेत असं मला मनापासून वाटतं. फक्त एवढ्यात नको.