चुलीपासून लांब उभा राहणारा माणूस

दोन हजार आठ साल. मी साठ वर्षांचा होतो. शेतातून पेट्रोल-तेलाची नळी, म्हणजे पाइपलाइन, जाऊ द्यायची नाही म्हणून बांधावर बाभळीच्या काट्या लावून बसलो होतो. त्र्याण्णवच्या भूकंपात मी घरं पडलेली पाहिली. जमीन हलली अन् नळी फुटली, तर माझ्या विहिरीचं काय?

उदगीर रस्त्यावरच्या हॉटेलापाशी रोज एक पेट्रोलचा टँकरवाला थांबायचा. टँकर लांब झाडाखाली लावायचा. चुलीजवळ कधी यायचा नाही. चहा तिकडंच न्यावा लागायचा. पेट्रोलचा वास गेला का म्हणून आधी हात हुंगायचा, मगच कप धरायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मीच चहा नेऊन दिला अन् म्हणालो, "नळी आली की तुमचे लांबचे टँकर बंद. मी अडवतोय, ते तुझ्याच फायद्याचं हाय."

"खरं हाय, काका. लेक लातूरला क्लासला हाय, तिची फी ह्याच टँकरवर."

"मग ये की माझ्यासंगं बसायला."

तो परत हात हुंगू लागला. "न्हाई. तुमची भीती खोटी न्हाई. पर नळी शेताखालून जाईल. मी रोज भरल्या शाळेपुढून पेट्रोल नेतोय."

मी चौथी शिकलेला, हट्टाला मात्र कमी नाही. पण त्याचंही खरं होतं आणि माझंही. मी रिकामा कप घेऊन परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काट्या बाजूला ओढल्या, नळीसाठी आलेल्या मोजणीवाल्यांना आत घेतलं आणि विहिरीच्या कठड्यावर बसून सांगितलं, "नळी इकडून न्हाई. त्या टोकाच्या बांधाकडून न्या."