चौकोनरावांचा राहिलेला चौकोन

माझ्या मामाला कंपनीत सगळे चौकोनराव म्हणत. काहीही समजवायचं झालं की तो कागदावर चौकोन काढायचा आणि ते बाणांनी जोडायचा. "आमचं भांडण झालं तरी बाण कुणाकडून सुटला ते काढून दाखवतील," असं मामी म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

कंपनी पाण्याचे पंप बनवायची. तिथे मामाला चिकटवलं माझ्या आईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने. ती चौकशीच्या टेबलावर होती. "आमचा पंप कुठवर आला?" असा गिऱ्हाइकाचा फोन आला की आई उठायची, जोडणी, रंग, पॅकिंग असं फिरून यायची आणि उत्तर द्यायची. बाबा गेल्यावर आमचं घर त्या टेबलावरच उभं होतं. शिवाय तिला ते टेबल आवडायचं. रविवारी तिला घरात करमत नसे.

मग मालकांनी ठरवलं, सगळी खाती एकाच संगणक यंत्रणेत आणायची. आराखडा मामाने करायचा. मामा हरखून गेला. एकेकाला समोरच्या खुर्चीत बसवायचा, चहा मागवायचा आणि विचारायचा, "सकाळी आल्यापासून काय काय करता, सांगा बरं." वॉचमनलासुद्धा त्याने सोडलं नाही. आई एकदा दारात डोकावली.

"माझी पाळी कधी रे?"

"तुझं काम मला माहीतच आहे, ताई. तुझा कशाला वेळ घेऊ?"

आई हसत परत गेली. भाऊ आपली काळजी घेतोय असंच तिला वाटलं असणार.

आराखडा भिंतभर झाला. तो बघायला सगळे जमले. मागे उभी राहून आई आपला चौकोन शोधत होती. जोडणीचा होता, रंगाचा होता, वॉचमनचाही होता. गिऱ्हाइकाच्या चौकोनातून निघालेला बाण मात्र सरळ संगणकाकडे जात होता. "आता गिऱ्हाईक घरबसल्या स्वतःच बघेल," मामा म्हणाला. टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या.

"म्हणजे चौकशीचं टेबल लागणारच नाही," मालक खूश होऊन म्हणाले.

मामाने वळून भिंतीकडे पाहिलं आणि मग आईकडे. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. हा पठ्ठ्या गप्प राहिला.

यंत्रणा उत्तम चालली, हेच मला आजही सलतं. कोलमडली असती तर निदान तिच्यावर राग काढता आला असता. आईला गोड बोलून घरी बसवलं. तिने लोकांचे कपडे शिवून आम्हाला वाढवलं, पण मामाला एका शब्दाने बोलली नाही. मामाला बढत्या मिळाल्या. आमच्याकडे आला की तो कागद-पेनाला हातही लावत नसे.

परवा, निवृत्त झाल्यावर, तो आला. आईसमोर खुर्ची ओढून बसला. कागदावर एकच चौकोन काढला.

"ताई, सकाळी गेल्यापासून तू काय काय करायचीस, सांग ना."

आईने हातातला दोरा दातांनी तोडला.

"आता कशाला रे? तुला माहीतच आहे की."

तिच्या आवाजात राग नव्हता. मामाचे डोळे भरून आले.

"नाही गं ताई, माहीत नव्हतं," तो म्हणाला. पण आई तोवर त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेली होती.