हिमतीचं बक्षीस

मला काळजी करायला कारण लागत नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला बसस्टॉपवरून परत घरी येणारी बाई आहे मी. पण यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर चार-पाच दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, त्याला कारण होतं, आणि ते कारण मीच होते.

मी वडनेरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत सहावीला शिकवते. त्या सुमारास भाजी निवडता निवडता मोबाइलवर एक सिनेमा पाहिला. डोंगरातलं गाव. एक मुलगी पायाने अधू, दुसरी मेंढपाळांची, आज इथे तर उद्या तिथे. गाव दोघींनाही जवळ करत नाही. दोघींची मैत्री होते, वादळात हरवलेली मेंढरं त्या शोधून आणतात आणि शेवटी सगळं गाव रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवतं. मेथीच्या जुडीवर मी भरपूर टिपं गाळली आणि तिथेच ठरवलं, हा सिनेमा पोरांना दाखवायचाच.

ठरवायला निमित्तही होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला कोड आहे. ओठांभोवती आणि बोटांवर पांढरे डाग. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे मी विज्ञानाच्या तासाला तीनदा सांगितलंय. पोरं माना डोलावतात आणि खिचडीच्या पंगतीत तिच्यापासून हातभर सरकून बसतात. दिवाळीनंतर छत्तीसगडहून वीटभट्टीवर कामाला आलेल्या एका कुटुंबातली मुलगी आमच्या वर्गात आली. खिचडीसाठी पोरं घरून ताट आणतात. हिच्याकडे ताट नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती कोड असलेल्या मुलीशेजारी जाऊन बसली आणि सरळ तिच्या ताटात हात घातला. तेव्हापासून दोघी एकाच ताटात जेवायच्या. मी लांबून बघायचे आणि मला भरून यायचं. नुसती बघत राहिले असते तर काही बिघडलं नसतं.

शनिवारी खिडक्यांना घरच्या चादरी लावल्या आणि सिनेमा दाखवला. संपला तेव्हा दोन-चार पोरं नाक ओढत होती. मीही भारावलेलीच होते. उठून उभी राहिले आणि म्हणाले, "आपल्याही वर्गात अशी एक धीट मुलगी आहे. जिच्या ताटाला कुणी हात लावत नाही, तिच्या ताटात ही रोज जेवते. याला हिंमत लागते!" कोड हा शब्द मी उच्चारला नाही, याचं मला मोठं शहाणपण वाटत होतं. भट्टीवरच्या मुलीला पुढे बोलावलं, कपाटातली नवीन कंपासपेटी बक्षीस म्हणून दिली, टाळ्या झाल्या. दोघींना शेजारी उभं करून फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मैत्रिणीला न घाबरणारी आमची विद्यार्थिनी'. दुसरीचा चेहरा त्या वेळी कसा होता, मला सांगता येणार नाही. मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

सोमवारी ती शाळेत आली नाही. ताप असेल, म्हटलं. मंगळवारी हजेरी घेताना तिचा नंबर आला तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं. मधल्या सुट्टीत ग्रुप उघडून मी स्वतःचंच वाक्य पुन्हा वाचलं. न घाबरणारी. म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे, हे मीच गावभर कळवलं होतं. फोटो काढून टाकला, पण तोवर तो जवळपास सगळ्यांनी पाहिला होता.

इकडे पंगतीत भट्टीवरच्या मुलीचा भाव एकदम वधारला होता. "माह्या ताटात जेव, माह्या ताटात जेव," म्हणत पोरी तिला ओढत होत्या. ती 'भूख नहीं' म्हणून भिंतीशी जाऊन बसली. सोमवारीही जेवली नाही, मंगळवारीही नाही. माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. भट्टी बंद झाली की हे लोक ट्रॅक्टरमध्ये भांडीकुंडी टाकून निघून जातील. तोवर दुसरी आलीच नाही तर? आली आणि तिच्याशेजारी बसायला कुणीच उरलं नाही तर? मुलीच्या जातीला शाळा सोडायला असं कितीसं निमित्त लागतं! बुधवारीही तिची जागा रिकामी दिसली, तेव्हा शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. दारात पोचेपर्यंत काय बोलायचं ते चारदा ठरवलं आणि चारदा मोडलं.

तिची आई मशीनवर ब्लाउज शिवत होती. "बसा नं मॅडम. पोट दुखून राह्यलं म्हणते तिचं. तीन दिवस झाले."

मुलगी दारामागून बाहेर आली. पोट दुखत नव्हतं, ते तिघींनाही माहीत होतं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार नं."

"ते माह्यासंग जेवते, तं तिले बक्षीस काऊन भेटलं?"

मशीन थांबलं. बावीस वर्षं मी पोरांना उत्तरं देत आलेय. तिथे मी मशीनवरच्या ब्लाउजकडे बघत राहिले.

"मले वाटे आमी मैत्रिणी आहो," ती म्हणाली. "मले माईतच नव्हतं का माह्यासंग जेवाले हिंमत लागते."

"असं नाई बोलू मॅडमले," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुमी चांगल्यासाठीच केलं, मॅडम." तिने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला माझी इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"चुकलं माझं," मी मुलीला म्हणाले. "बक्षीस द्यायचं काही कारणच नव्हतं. उद्या येजो."

ती परत दारामागे गेली.

गुरुवारी प्रार्थनेला ती नव्हती. पहिल्या तासालाही नव्हती. मी फळ्यावर गणित चुकवलं, पोरांनीच ते दुरुस्त केलं. मधल्या सुट्टीच्या थोडं आधी भट्टीवरची मुलगी टेबलापाशी आली आणि तिने कंपासपेटी माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, ये आप रख लो. ये झूठा है."

"झूठा कैसे?"

"मैंने तो कुछ किया ही नहीं. मेरे पास थाली नहीं है. और उसके डब्बे में नींबू का अचार रहता है, बाकी किसी के पास नहीं रहता. इसलिए बैठी थी उसके पास."

ज्या गोष्टीसाठी मी अख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या, ती लिंबाच्या लोणच्यासाठी केलेली होती. मला हसावं की रडावं कळेना.

"और अब?"

"अब तो दोस्त है," ती म्हणाली. एवढं साधं मॅडमला समजत नाही, याची तिला कीव आली असावी.

"ये बात उसको बताएगी?"

"बता दी. कल शाम को, आप गईं उसके बाद. वो बोली, लालची कहीं की." हे सांगताना तिचे दात दिसत होते. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"तो आज आएगी?"

"पता नहीं."

खिचडी वाढायला सुरुवात झाली. मी व्हरांड्यात उभी होते, डोळे फाटकाकडे. अर्धी पंगत वाढून झाली तेव्हा ती आली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात डबा. पोरांच्या माना तिकडे वळल्या. मला एकदम खूप काही बोलावंसं वाटलं. शाबास म्हणावं, वर्गाला समजावून सांगावं, दोघींना जवळ घ्यावं. मी एक पाऊल पुढेही टाकलं.

ती माझ्यासमोर येऊन थांबली आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मॅडम, आज काई बोलू नोका."