न बोलता शिकवलेली कादंबरी

मरोळ गावठाणातल्या एमिलिया परेरा आठवीला मराठी शिकवायच्या. कादंबरी वाचायला लागल्या की मागचा बाकसुद्धा गप्प व्हायचा. पात्रं कशी आहेत, लेखिकेला काय म्हणायचंय, तेही त्याच सांगायच्या आणि मुलं तेच पेपरात उतरवायची.

गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज बसला. "येईल परत, पण काही महिने बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. मुख्याध्यापिका अनुपमाबाईंनी रजा घ्यायला सांगितलं. एमिलियांनी कागदावर लिहिलं, "घरी बसून वेडी होईन."

वर्गात जाऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं : 'कादंबरी घरी वाचा. गोष्ट सांगू नका. वाचताना तुम्हाला काय झालं ते लिहा. मी उत्तर देईन.'

सुरुवातीला सगळ्यांचं एकच : 'छान वाटलं.' टीचरनी प्रत्येकाला लिहून विचारलं, 'कुठे?' स्वरदाने मग लिहिलं, 'आजोबा आले की बोअर होतं, मी पानं सोडते.' टीचर रागावल्या नाहीत हे बघून बाकीचेही खरं लिहू लागले.

त्या कादंबरीतली आई नोकरीसाठी परदेशी जाते आणि मुलगा रागाने तिचा फोन घेत नाही. शौनकने लिहिलं, 'बरोबर करतो. माझी आई कुवेतला नर्स आहे. मीपण नाही घेत.'

एमिलियांनी ते दोनदा वाचलं. बोलता येत असतं, तर त्यांनी त्याला बाजूला घेऊन आईचे कष्ट समजावले असते. आता त्यांनी एवढंच लिहिलं, 'फोन वाजत असताना तो मुलगा काय करतो?'

शौनकने दोन पानं भरून उत्तर दिलं. मुलगा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतो, रिंग ऐकू येऊ नये म्हणून. तरी ती थांबेपर्यंत तिथून हलत नाही. खाली लिहिलं होतं, 'टीचर, हे पुस्तकात नाहीये. हे माझं आहे.'

पुढच्या सोमवारी त्याने लिहिलं, 'काल उचलला. आई आधी रडलीच. मग म्हणाली, जेवलास का? मी म्हटलं, तू?'

नाताळनंतर टीचरचा आवाज परतला, थोडा घोगरा. वर्गाने टाळ्या वाजवल्या. शौनकने विचारलं, "टीचर, आता लिहिणं बंद?"

"का रे, सुटका हवी?"

"नाही ना! म्हणून तर विचारतोय."

त्या रविवारी चर्चमध्ये एमिलियांनी आवाज परत दिल्याबद्दल देवाचे आभार मानले. उठता उठता पुन्हा गुडघे टेकले आणि पुटपुटल्या, "नेला होतास, त्याबद्दलही."