पुरणपोळीखालचा टायरवाला

शेजारच्या सुधाताईंची पाककृतींची वेबसाइट आहे. गुगलवर शोधणाऱ्याला ती सगळ्यात वर दिसावी म्हणून त्या अनोळखी वेबसाइटवाल्यांशी लिंकची देवघेव करतात. तू माझी लाव, मी तुझी लावते, संक्रांतीच्या वाणासारखं. आज त्यांच्या पुरणपोळीखाली मला टायरवाला आणि टकलावरचं तेल दिसलं. मी एकेक लिंक उघडून पाहिली. सुधाताईंचं नाव सगळ्यांनी केव्हाच काढून टाकलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं.

“अहो, पण माझं कुणीतरी वाचत असेल ना?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी टायरवाल्याला तसंच राहू दिलं. “असू दे. दारात आलेल्याला घालवायचं कसं?”

बाळांनो, आपल्या घरच्या ग्रुपवर माझ्या मजकुराला तुम्ही अंगठा पाठवता, तुमच्या फोटोंना मी बदाम. तुम्ही वाचता का, हे मी सुधाताईंना विचारणार नाही. त्या ‘हो’ म्हणतील.