जिवल्याच्या डूममधली मिरची

आमच्या जिवल्या तांडेलला बोट लागते. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण तो स्वतः जन्मात सांगणार नाही. दातिवऱ्याच्या कोळीवाड्यात जन्म, आजा तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, पणजाही तांडेल, घरची होडी, आणि हा पठ्ठ्या खाडीचं तोंड ओलांडलं की सकाळची न्याहारी माशांना वाढायचा. चार वर्षं बापाने वाट पाहिली. मग एक दिवस बाप, म्हणजे आमचे महादूकाका, म्हणाले, "तुझ्याऐवजी तेवढ्या वजनाचा बरफ नेला तर मासळी तरी टिकंल!" झालं. अठ्ठ्याहत्तर साली जिवल्या बोईसरला आला.

तिथे एका कारखान्यात अॅसिडच्या टाक्यांना आतून फायबरचं अस्तर लावायचं काम होतं. मुकादम उत्तरेकडचा. "हाथ हल्का रख, तांडेल, रोटी नहीं बेल रहा," एवढं एकच वाक्य तो आठ वर्षं बोलला, आणि त्या एका वाक्यावर जिवल्या कारागीर झाला. पण फायबरचे काचेचे तंतू अंगात घुसतात, खाज सुटते. रात्री खाजवून खाजवून लाडकीची, म्हणजे त्याच्या बायकोची, झोप उडाली. तिने निर्वाणीचं सांगितलं, "एक तर टाक्या सोडा, नायतर मला दातिवऱ्याला सोडा." शहाण्याने टाक्या सोडल्या.

शहाऐंशी साली त्याने नवापूर रस्त्याला पत्र्याची शेड घेतली, ती नेमकी माझ्या गिरणीला लागून. माझी पाटी: पीठ गिरणी व मिरची कांडप. त्याची पाटी: येथे मोटारसायकलचे फुटलेले डूम, पॅनल जोडून मिळतील. डूम म्हणजे पुढच्या दिव्याभोवतीचं ते टोपडं. इंग्रजीत त्याला फेअरिंग म्हणतात असं मला एका गिऱ्हाईकाने सांगितलं, मी ते जिवल्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणू दे. फुटल्यावर डूमच व्हतो."

आता मला सांगा, ज्याला दिवसभर रंगाचा फवारा मारायचा आहे त्याने गिरणीच्या शेजारी दुकान घ्यावं का? माझं पीठ उडायचं आणि त्याच्या ओल्या रंगावर बसायचं. काळ्याभोर पॅनलवर ज्वारीचं चांदणं! पहिलं वर्ष आम्ही फक्त भांडलो. मग तह झाला. रंग त्याने सकाळी आठच्या आत मारायचा, गिरणीचा पट्टा मी आठनंतर चढवायचा. आठला पाच मिनिटं असताना मी मुद्दाम पट्ट्याला हात लावायचो, आणि पलीकडून आवाज यायचा, "शांतारामभाऊ, अजून पाच मिंटं हायत हां!"

त्याच्या कामाची रीत मी रोज पाहायचो. (दळण टाकून गिऱ्हाईक बसतं, मालकाला दुसरं काम काय?) आधी तो तड्याचं टोक शोधायचा आणि बरोब्बर तिथे सुईएवढं भोक पाडायचा. भोक पडलं की तडा पुढे पळत नाही. "भावोजींच्या तोंडाला पन तसं एक पाडा," असं लाडकी त्याला म्हणायची. माझ्यासमोर म्हणायची, हे विशेष.

भोक पाडलं की टाके. या गाड्यांचं प्लास्टिक फायबरला नीट धरत नाही, म्हणून तड्याच्या दोन्ही अंगांना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचं. सुरुवातीला जिवल्या तार नुसती पिळायचा, आणि खड्ड्यातून दोनदा आपटली की गाडी परत दारात. लाडकी बाजारात सुकी मासळी विकून दुपारी डबा घेऊन यायची. एकदा तिने ते टाके पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"कोळ्याचं पोर ना तुमी? ही गाठ हाय का? गोधडीला बी अशी मारत नाय कोन."

तिने त्याच्या हातातून तार घेतली आणि जाळ्याची गाठ मारून दाखवली. ओढ बसली की सैल पडायच्या ऐवजी ती आणखी आवळते. त्या दिवसापासून त्याची एकही गाडी परत आली नाही. समुद्र सोडून पळालेल्या माणसाचं पोट शेवटी जाळ्याच्या गाठीनेच भरलं, असं मी त्याला वर्षातून दहा वेळा ऐकवतो.

टाक्यांवर आतून फायबरची चटई आणि रेझिनचा चिकट लेप, बाहेरून लांबी म्हणजे पुट्टी, मग पाण्यातल्या पॉलिशपेपरने घासणं, मग रंग. तयार डूम तो उन्हात धरायचा आणि मला हाक मारायचा. "शोध." मी शोधायचो. चष्मा लावून, चष्मा काढून, नखाने, जिभेनेसुद्धा एकदा. तडा सापडायचा नाही. मग मी हा खेळ गिरणीतल्या गिऱ्हाइकांना लावून दिला. तडा सापडला तर चहा जिवल्याचा, नाही सापडला तर तुमचा. सहा वर्षांत जिवल्याने स्वतःच्या पदरचा एकही चहा पाजलेला नाही.

पण डूम उलटा केला की आत जोडाजवळ हमखास एक निळा मासा. बोटभर लांब, एक डोळा, दोन फटकाऱ्यांची शेपटी. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी विचारलं, "हे काय रे? बाहेरून एवढं लपवलंस आणि आत जाहिरात?"

"लपवलं नाय, भाऊ. बापूस नावेची फळी बदलली का आतून तिच्यावर रंगाची खूण करायचा. वाऱ्यात नावेत पानी आलं तर पहिलं कुठं हात घालायचा ते ठावं पायजे ना! बाहेरनं गुळगुळीत पायजे, नायतर पानी धरते. पन आतून समद्यांना दिसला पायजे, हा जोड हाय."

मी काय करायचं ते केलं. पालघरपासून तारापूरपर्यंत सगळ्यांना जिवल्याच्या माशाची गोष्ट सांगितली. हीच गोष्ट एक दिवस त्याच्या गळ्याशी आली.

एक्क्याण्णव सालची अक्षय तृतीया उद्यावर होती. माझ्याकडे मसाल्याची झुंबड. सगळ्या पट्ट्यात घरोघरचा वर्षाचा मसाला वैशाखातच होतो; पावसाच्या आत मिरची बरणीत गेली पाहिजे. त्या दिवशी काशीबाईची मिरची कांडपात होती. काशीबाई म्हणजे आमच्या गल्लीची सरन्यायाधीश. तेवढ्यात मोटारसायकलच्या एका शोरूमचे शेट रिक्षातून उतरले, काखेत गोणपाटात गुंडाळलेला लालभडक डूम. ट्रकमधून येताना तडकलेला.

"जिवल्याभाई, उद्या मुहूर्तावर गाडी द्यायची आहे. संध्याकाळपर्यंत पाहिजे."

"करतो. पन घेनाऱ्याला सांगाल ना, जोड हाय म्हणून?"

"हो, हो, ते माझ्याकडे लागलं."

जिवल्या शिंकत शिंकत कामाला बसला. मिरचीचा खकाणा दोन्ही शेडमध्ये भरलेला, त्याचे डोळे लाल, ओलं रेझिन समोर, आणि भिंतीपलीकडून मी विचारतोय, "काय रे, रडतोस कशाला? लाडकी गेली का दातिवऱ्याला?" त्या दिवशी त्याने मला ज्या शिव्या दिल्या त्या खास खाडीपलीकडच्या होत्या. रंग मारायच्या वेळी मात्र मी आपणहून कांडप तासभर बंद ठेवलं. एवढा काही मी वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी ती गाडी केळव्याच्या कृष्णकांत सावेने घेतली. नारळ-सुपारीची वाडी, पानवेली, स्वभावाने सरळ पण डोकं काडेपेटीचं. कार्तिकात तो जिवल्याकडे आला आणि डूमवर बायकोचं नाव रंगवून घेतलं: जयवंती. दोन तास गाडी शेडमध्ये होती. डूम रंगवायला खाली उतरवावा लागला नाही, त्यामुळे आतला मासा त्याने पाहिला नाही. आणि शेटने सगळं सांगितलेलं असणार म्हणून जिवल्याही काही बोलला नाही.

माघात कृष्णकांत माहीमच्या वळणावर पडला. पुढच्या बैलगाडीतून नारळ घरंगळला आणि नारळवाल्यालाच आडवा आला. माणसाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण डूमचे तीन तुकडे. तुकडे गोळा करताना त्याने एक उलटा केला, आणि आतून निळा मासा त्याच्याकडे बघतोय!

तो तडक शेटकडे गेला. शेटनी क्षणभर डोकं खाजवलं आणि ते म्हणाले, "आम्ही नवाच दिला होता, सावे. कार्तिकात गाडी त्या जिवल्याकडे दोन तास होती ना? तेव्हाच नवा काढून हा शिवलेला बसवला त्याने. आणि नाव टाकलं वर."

सकाळी दहाला जीप येऊन थांबली. कृष्णकांत आणि शेट उतरले. माझ्या दारात दळणाच्या डब्यांची रांग, रांगेत पहिली काशीबाई. म्हणजे कोर्ट आयतंच भरलेलं.

कृष्णकांतने तुकडे जिवल्याच्या पाटासमोर आपटले. "जयवंतीचं नाव रंगवलंस आणि नवा डूम खाल्लास? चोर!"

जिवल्याच्या हातातला पॉलिशपेपर तसाच राहिला. चोर हा शब्द त्याला आयुष्यात कोणी लावला नव्हता. मी त्याला भित्रा म्हटलंय, बरफाची लादी म्हटलंय, चोर मीसुद्धा नाही.

"सावेशेट, हा जोड माजाच हाय," तो म्हणाला. "पन डूम तुमच्या गाडीला लागायच्या आधी केलाय. या शेटनीच आनला व्हता. इचारा त्यांना."

"मी? मी कधी याच्या शेडमध्ये पाय ठेवला नाही," शेट म्हणाले. "सावे, मी सगळ्या गॅरेजवाल्यांना कळवतो. उद्यापासून याच्याकडे एक स्क्रू आला तर बघा."

जिवल्याचं सगळं काम गॅरेजवाल्यांकडूनच यायचं. ते बंद म्हणजे पुन्हा टाक्या, पुन्हा खाज.

"शेट डूम घेऊन आले ते मी पाहिलंय. आणि अरे, चोरी करणारा आत सही करून ठेवेल का?" मी म्हणालो.

"तुम्ही शेजारी," शेट म्हणाले. "आणि तुमच्या जिभेबद्दल अख्ख्या बोईसरला माहीत आहे."

रांगेतल्या बायका हसल्या. खरं सांगतो, पन्नास वर्षांच्या थापांचा हिशोब त्या एका वाक्यात चुकता झाला. खरं बोलायची वेळ आली आणि माझ्या शब्दाला किंमत शून्य.

जिवल्याने मात्र माशाचा तुकडा उचलला, अंगठा जोडावरून फिरवला. परत फिरवला. उन्हात नेऊन डोळ्याजवळ धरला. आणि हसायलाच लागला.

"भाऊ, कांडप चालू कर."

"आत्ता? मिरची कुठे आहे?"

"का नाय?"

"अरे माघात कोण मिरची कांडतो?"

"आन कार्तिकात?"

"कार्तिकात भाजणी. मिरची फक्त वैशाखात, तुला माहीत नाही काय? गेल्या वैशाखात तर तू मला..." आणि तिथे माझी जीभ थांबली. ती आपोआप थांबल्याचा हा एकमेव प्रसंग.

जिवल्याने तुकडा कृष्णकांतपुढे धरला. आतलं रेझिन सुकून मधासारखं पिवळट झालेलं, आणि त्यात, टाक्यांवर, माशाच्या शेपटीखाली, सगळीकडे लाल लाल कण अडकलेले. दोन-चार मिरचीच्या बियासुद्धा.

"रंग उडाला असेल. लालच रंग आहे," शेट घाईने म्हणाले.

"रंगाला बिया असतात?" काशीबाई रांगेतून पुढे आली. "आन माघात, कार्तिकात हितं मिरचीचा वास तरी असतो का? सावेभाऊ, चाखून बघा."

कृष्णकांतने वरचा एक कण नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. पहिलं काही नाही. मग त्याचा चेहरा डूमच्या रंगाचा झाला. थू थू करत तो माझ्या गिरणीतल्या माठाकडे धावला.

"माजाच मसाला," काशीबाई समाधानाने म्हणाली. "अक्षय तृतीयेच्या आदल्या दिसाचा. आन आता आठवलं, या शेटना मी या डोळ्यांनी रिक्षातून उतरताना बघितलाय. गोणपाट व्हता काखेत."

हा डूम शेटनीच गाडी विकायच्या आदल्या दिवशी जोडून नेलेला, कार्तिकात बदललेला नव्हे, एवढं कृष्णकांतला दोन तांबे पाणी प्यायल्यावर कळलं. तो वळला तेव्हा शेट जीपकडे निघाले होते.

"सावे, गैरसमज झाला. नोकरांची चूक असेल. मी कंपनीचा कोरा डूम बसवून देतो ना, आजच्या आज!"

कृष्णकांत खाली बसून तुकडे जुळवून पाहत होता. तीन तुकडे, दोन नवे तडे. दोन्ही कंपनीच्या अखंड प्लास्टिकमधून गेलेले. एक तडा पळत पळत जिवल्याच्या टाक्यांपर्यंत आला होता आणि तिथून वळसा घालून गेला होता. जुना जोड जसाच्या तसा. एक टाका हललेला नाही.

"जिवल्याशेट," कृष्णकांत म्हणाला. बघा, दहा मिनिटांपूर्वी चोर, आता शेट. "तोंडातनं वाईट शब्द गेला. कान धरतो. हाच जोडून दे. कोरा नको मला, कोरा फुटतो."

जिवल्याने पहिल्या तड्याचं टोक शोधलं आणि भोक पाडायला घेतलं. शेटची जीप कधी गेली कोणी पाहिलं नाही, म्हणजे मी पाहिलं, पण तुम्हाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुपारी लाडकी डबा घेऊन आली तेव्हा रांगेतल्या बायकांनी तिला चार वेळा चार तऱ्हांनी गोष्ट सांगितली. तिने फक्त जुने टाके निरखले, मान हलवली आणि म्हणाली, "गाठ कोनाची हाय?"

संध्याकाळी नवे दोन जोड झाले, रेझिन ओलं होतं. आत आता तीन मासे झाले. जिवल्या वाटी घेऊन माझ्या दारात उभा.

"भाऊ, आज काय दळलंस?"

"नव्या तांदळाचं पीठ. का रे?"

"चिमूटभर दे. तारीख टाकतो."