जुन्या पिस्तुलाचं नवं बॅरल

शारजाच्या बाहेर, वाळूच्या कडेला असलेल्या एका नेमबाजी क्लबात मी सहा वर्षं रिसेप्शनवर होते. माझ्या काउंटरमागच्या खोलीत काकांचं वर्कशॉप होतं. नात्याचे नव्हेत, सगळेच त्यांना काका म्हणायचे. ते साताऱ्याकडचे. फौजेत आयुष्यभर बंदुका दुरुस्त केल्या आणि निवृत्तीनंतर क्लबाची हत्यारं सांभाळायला इथे आले. मी वसईची. शारजातल्या रोल्ला भागातून क्लबाच्या एकाच व्हॅनने आम्ही यायचो-जायचो. माझं वसईचं बोलणं ऐकून ते गालात हसायचे आणि डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्या हातावर ठेवायचे.

एका सोमवारी एका जुन्या मेंबरचा मुलगा आला. अंगातला लांब अरबी झगा, कंदुरा, कडक इस्त्रीचा, वागणं फार गोड. वडिलांचं पिस्तूल त्याने लॉकरमधून काढून घेतलं होतं. सोबत नवं बॅरल होतं, जास्त जोराच्या काडतुसासाठी बनवलेलं, रीतसर मागवलेलं. वडील तरुणपणापासून त्याच पिस्तुलाने नेम धरत आलेले. त्यांना शुक्रवारी हे द्यायचं होतं.

मी ते आत नेलं. काकांनी टॉवेल पसरला, पिस्तूल उघडलं, नवं बॅरल घातलं. अगदी अलगद बसलं.

"बसलं की," मी म्हणाले.

"बसलं. पण बसतं म्हणजे सोसतं असं नाही." त्यांनी मागचा भाग माझ्यासमोर धरला. "बॅरल नवं आहे, ते टिकेल. पण दणका बसणार वरच्या ह्या सरकत्या स्लाइडला, आणि तिला धरणाऱ्या ह्या सांगाड्याला. ही बनलीत जुन्या काडतुसाच्या मापाने. नव्याचा दाब कितीतरी जास्त. फुटलं तर नेम धरणाऱ्याच्या तोंडावर."

"जाड स्प्रिंग घातली तर?"

"स्प्रिंग दणका जरा आवरते. दाब नाही आवरत. त्याला सांग, होणार नाही."

मी बाहेर आले. मुलगा उभा राहिला, चेहरा इतका आशेने भरलेला, की माझ्या तोंडून 'नाही' निघेना. मेंबरला थेट नाही म्हणायचं नाही, असं मॅनेजरने आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी इंग्रजीत म्हणाले, "काका अजून तपासतायत. इन्शाल्ला होईल." तो "शुक्रन, सिस्टर" म्हणून निघून गेला. काकांना मी खोटंच म्हटलं, "सांगितलं." त्यांनी जुनं बॅरल परत बसवलं, नवं त्याच्या पाऊचमध्ये घातलं आणि विषय संपला असं धरून चालले.

शुक्रवारी बापलेक आले. 'नाही' मी तेव्हाही सांगितलं नाही; पिस्तूल आणि पाऊच दिला, सह्या घेतल्या, ते आत रेंजवर गेले. फोनवर बोलता बोलता काचेतून पाहिलं तर मुलगा बाकावर बसून बॅरल बदलत होता. बॅरल बदलायला अवजारं लागत नाहीत, मिनिटभराचं काम. शेजारी नव्या काडतुसांचा डबा उघडा. म्हातारे कानावर आवाज रोखणारे मफ चढवत होते.

मी फोन टाकला. "काका, तो नवं बॅरल घालतोय."

त्यांनी हातातलं काम ठेवलं. मफ चढवले आणि आत गेले. पळाले नाहीत, रेंजवर कुणी पळत नाही. मी दारात उभी राहिले. म्हाताऱ्यांनी पिस्तूल हातात घेतलं होतं. काका त्यांच्या बाजूला गेले, तळहात आडवा धरला आणि इथे मालकाला हाक मारतात तशी हाक मारून हिंदीत म्हणाले, "अरबाब, रुकिए. इसे नीचे रखिए."

म्हाताऱ्यांनी ठेवलं. मग त्यांनी स्वच्छ हिंदीत विचारलं, "क्या बात है? आपकी लड़की ने बोला था, हो जाएगा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार.

"गलती मेरी है," काका म्हणाले. "मैंने उसको ठीक से समझाया नहीं."

मग सगळे वर्कशॉपमध्ये आलो. काकांनी मला सांगितलेलंच त्यांना सांगितलं, जास्त सावकाश. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. वडील म्हणाले, "तो पुराना बैरल लगा दो. पुरानी गोली चलाऊँगा."

"पहले देख लूँ," काका म्हणाले.

त्यांनी सांगाडा पुसून त्यावर लाल रंगाचं पाणी लावलं, थोडा वेळ थांबले, पुसलं आणि वर पांढरी पूड फवारली. आम्ही चौघं वाकून बघत होतो. हळूहळू पुडीतून केसासारखी एक लाल रेघ वर आली. तडा होता. इतक्या वर्षांच्या नेमबाजीचा, जुन्याच काडतुसांनी पडलेला.

मुलगा खुर्चीवर बसला. अरबीत काहीतरी पुटपुटला. वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काकांना म्हणाले, "खलास?"

"खलास. रखिए, साफ कीजिए. चलाइए मत."

म्हाताऱ्यांनी पिस्तूल रुमालात गुंडाळलं, जसं कुणी आजारी माणसाला पांघरूण घालतं. मग चहा मागवला. त्यांचे वडील मुंबईला खजूर घेऊन जायचे, त्यांच्याबरोबर जाऊन हिंदी तिथेच शिकलो, असं ते काकांना सांगत बसले.

परतताना व्हॅनमध्ये मीच बोलले. मुलाला मी काय सांगितलं होतं ते सगळं.

"कळलं होतं मला," काका म्हणाले. "रेंजवर उभं राहून तुझा हिशेब कशाला काढायचा? म्हाताऱ्याच्या हातात भरलेलं पिस्तूल होतं." मग म्हणाले, "पण बाळ, आपल्या कामात 'नाही'ला गोड करायचं नसतं. समोरच्याला वाईट वाटलं तर वाटू दे. चहा पाजू आपण त्याला."

मला रडू आलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत हातरुमाल पुढे केला. त्याला बंदुकीच्या तेलाचा वास येत होता.

पुढच्या महिन्यात मुलाने वडिलांना नवं पिस्तूल घेऊन दिलं. त्यांना ते कधीच फारसं आवडलं नाही. दर शुक्रवारी ते दहा-बारा गोळ्या झाडायचे आणि उरलेला वेळ काकांच्या स्टुलावर बसून त्यांचं काम बघायचे.